गावच्या फळ्यावर लिहून खरंच काही बदलतं का, की सरळ यूट्यूब चॅनल काढावं?

शेवंती२४
(ऑगस्ट)

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, लिहायला आज पहिल्यांदाच घेतलंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातली, गावाचं नाव नको. आमच्याकडं निम्म्याच्या वर घरं ऊसतोडीला जातात, दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या, बाहेर पडतात ते उन्हाळ्यातच परत, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणांनी, चार पोरी आणि दोन पोरं, समाजमंदिराच्या भिंतीवर एक फळा केला. फळा म्हणजे काय तर भिंतीचाच एक तुकडा घासून काळा रंग मारला, बाजूला खिळ्याला खडूची पिशवी अडकवली, झालं.

पहिला विषय टँकरचा. कागदावर रोज तीन खेपा, गावात यायच्या दोन, कधी तर एकच. आणि भांडणं कुणाची व्हायची तर बायाबायांचीच, हिनं दोन हंडे जास्त भरले, तिनं पाईप आपल्याकडं ओढला, म्हणजे ज्याच्यामुळं पाणी कमी पडलं त्याला कुणीच विचारत नव्हतं. आम्ही एवढंच केलं की रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायचं, आज टँकर किती वाजता आला, किती खेपा, कुठल्या विहिरीत सोडला. मत नाही, शिवी नाही, कुणाचं नाव नाही. तेराव्या दिवशी पंचायतीतले एक जण आले, म्हणले हे पुसा, गावाची बदनामी होते. आम्ही म्हणलो चुकलं असेल तर दाखवा, बरोबर करून लिहितो. ते काही बोललेच नाहीत, उभे राहिले थोडा वेळ आणि गेले. त्या आठवड्यापासून तिसरी खेप सुरू झाली.

आमच्या गल्लीत एक आजी आहे, तिला वाचता येत नाही, पण रोज फळ्यापुढं थांबून विचारणार, "आज काय लिवलंय गं?" एकदा वाचून दाखवलं तर म्हणली, "खोटं लिवलंय तुमी. दोन न्हवं, दीडच खेप हुती काल, अर्धं पानी वड्यापाशीच गळून गेलं." आम्ही दुसरीकडं विचारलं, तर खरंच टँकरची झाकणी फुटलेली होती. पुसून दीड लिहिलं.

आता प्रश्न. आमच्यातले दोघं म्हणतात फळा बास झाला, कोण बघतं, गावातली दोनशे माणसं, त्यापेक्षा यूट्यूब चॅनल काढू, लाखभर लोक बघतील, मग अधिकारी घाबरतील. मला ते पटत पण नाही आणि खोडून पण काढता येत नाही. २०१९ ला आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचं प्रकरण देशभर गाजलं, सरकारनं समिती नेमली, चांगलंच झालं. पण त्या वेळी माझ्या चुलतीकडं पण कॅमेरा घेऊन कुणीतरी आलं होतं, दोन तास बोलली ती, रडली, ते लोक निघून गेले आणि ती बातमी लागली का, कुठं लागली, तिनं काय सांगितलं त्यातलं काय दाखवलं, हे आजपर्यंत तिला कुणी येऊन सांगितलं नाही. ती अजून विचारते कधीकधी. म्हणून मला मोठ्या संख्येची भीती वाटते.

तर ज्यांनी असलं काम केलंय, रेडिओ, पत्रिका, काहीही, त्यांनी सांगावं की अशा छोट्या माध्यमानं खरंच समाज बदलतो का, की आम्ही आपलं समाधान करून घेतोय?


कुसळ_माणदेश

शेवंती ताई, आधी आजीला माझा नमस्कार सांगा. तुमच्या फळ्याचा खरा संपादक तीच आहे.

मी सातारा जिल्ह्यात एका सामुदायिक रेडिओवर सहा वर्षं काम केलंय. आमच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला माणदेशी तरंग २००८ पासून चालू आहे, तिकडं बारामतीला वसुंधरा वाहिनी, दोन्ही ९०.४ वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे रेडिओ खूप लहान असतात, ट्रान्समीटरची ताकद १०० वॅट, दहापंधरा किलोमीटरपर्यंत आवाज जातो, डोंगर आडवा आला की तेवढाही नाही. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तरी गावातल्या संस्थांना परवानगी मिळायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला, त्याच्या आधी फक्त शिक्षणसंस्थांना होती. आणि बातम्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा. याचा मला तेव्हा फार राग यायचा, गावातला माणूस गावाबद्दल बोलणार ती बातमी का नाही? पण त्या बंधनातनंच आम्ही एक गोष्ट शिकलो, ती तुम्हाला सांगते.

बातमी नाही ना देता येत, मग आम्ही बायांना त्यांचा अनुभव सांगायला लावायचो. एक शेळ्या पाळणारी ताई होती, पहिल्या दिवशी तिनं माईक असा धरला होता जसा साप धरावा, हात लांब करून. तिला विचारलं शेवटचा बोकड कितीला विकला, तर म्हणाली व्यापाऱ्यानं उचलून बघितला आणि सांगितला आकडा, मी दिला. वजन? म्हणे त्यानं अंदाज केला. हे रेडिओवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी तीन गावांतनं फोन, सगळ्या बाया तेच सांगतायत, माझाही अंदाजानंच नेला. मग आठ दिवस आम्ही तोच विषय धरला, कुणी किती महिन्याचा बोकड कितीला दिला. चौथ्या की पाचव्या दिवशी एकीनं फोन केला, मी ताणकाटा आणला, झाडाला टांगला आणि व्यापाऱ्याला म्हणलं आता सांगा भाव. बाजाराच्या दिवशी त्या ताणकाट्यापुढं शेळ्यांची रांग लागली, मी डोळ्यानं बघितलीय.

यात आम्ही कुणाला काही शिकवलं नाही. दर बाईला वाटत होतं आपलाच घरगुती व्यवहार आहे, आपल्यालाच बोलता येत नाही म्हणून कमी मिळतो. दहा जणींचं एकमेकींनी ऐकलं तेव्हा कळलं की हे एकीचं नाही, रीतच आहे तशी. मला विचाराल तर बदल तिथं सुरू होतो. तुमच्या टँकरचं पण तेच झालंय बघा, भांडण बायाबायांचं होतं, ते फळ्यानं टँकरवाल्याकडं वळवलं.

लाख लोकांनी बघून काय होणार, ते काय ताणकाटा आणणारेत का? बघायचं तर तुमच्याच गावानं बघायला हवं.


जुना_वार्ताहर

वरचं सगळं बरोबर आहे, पण मी थोडं वेगळं सांगणार आहे आणि राग मानू नका, मी तालुक्याला अठरा वर्षं वार्ताहर होतो, चांगलं वाईट दोन्ही बघितलंय.

छोटं माध्यम आपलं असतं म्हणून ते खरंच असेल असं काही नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडनं आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होते, त्यातनं संशय, त्यातनं जमाव, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, जीव जाईपर्यंत. ते मेसेज कुठल्या मोठ्या वाहिनीनं नव्हते पाठवले. भावानं भावाला, मावशीनं भाचीला पाठवले होते, काळजीनं पाठवले होते. मी त्या दिवसापासून "लोकांचं माध्यम" हा शब्द हलक्यानं वापरत नाही.

म्हणून शेवंती, तुमच्या फळ्यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं तर ते पुसून दीड लिहिणं. आणि ते लिहायच्या आधी दुसरीकडं विचारणं. ही सवय मोडू देऊ नका, चॅनल काढलं तरी आणि नाही काढलं तरी.

आता कामाचं. एक, रोजच्या फळ्याचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा, कारण उद्या कुणी म्हणालं आमच्याबद्दल अमुक लिहिलं होतं तर पुरावा लागतो. समाजमंदिराची भिंत पंचायतीच्या ताब्यातली असणार, आज ना उद्या तिच्यावर दुसरा रंग बसेल, त्यापेक्षा कुणाच्या तरी मालकीची, रस्त्यावरची भिंत बघा आणि घरमालकाची परवानगी घ्या, दोन ओळी लेखी असल्या तर उत्तम. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे, त्याखाली बरीच माहिती तर पंचायतीनं न मागता स्वतःहून लावायची असते, तुम्ही तेच काम करताय म्हणून सांगा, आवाज न चढवता. पैसे कुणाकडनं घ्यायचे नाहीत, खडूचेसुद्धा. आमच्या तालुक्यात मी बघितलं, पोरं मोठ्या उमेदीनं चॅनल काढतात, सहा महिन्यांत कॅमेऱ्याचा हप्ता थकतो, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात घेतली जाते आणि त्या माणसाच्या शाळेबद्दल, त्याच्या वाळूबद्दल पुढं शब्द निघत नाही. पोरं वाईट नसतात हो, हप्ता वाईट असतो.

आणि राजस्थानचं एक सांगतो, कारण तुमच्या फळ्याची मोठी बहीण तिथं आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराणा गावात पहिली जनसुनवाई घेतली. माध्यम काय होतं? एक तंबू, एक माईक आणि पंचायतीच्या कामाचे हजेरीपट. ते मोठ्यानं वाचायचे, बस. अमक्यानं इतके दिवस काम केलं, इतके पैसे घेतले. आणि समोर बसलेला माणूस उठून सांगायचा की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. मेलेल्या माणसांची नावं निघाली मजुरांत. वर्तमानपत्रात तो भ्रष्टाचार चार ओळींत येऊन गेला असता. पण ज्याच्या नावावर पैसे उचलले त्याच्याच कानावर ते नाव पडलं, सगळ्या गावादेखत, तिथं काम झालं. तिथूनच पुढं माहिती अधिकाराची मागणी वाढत गेली आणि २००५ ला देशाचा कायदा आला. तुमची आजी जे म्हणली ना, खोटं लिवलंय, तीच जनसुनवाई.


नेवाशाचा_मास्तर

शेवंती पोरी, तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, चांगल्या अर्थानं. मी शिक्षक होतो, आता निवृत्त. आमच्या तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे, तिथं जाऊन ये कधी जमलं तर.

मुकुंदराव पाटलांनी १९१० साली दीनमित्र काढलं, आधी सोमठाण्यातून आणि मग या तरवडीतून, आणि १९६७ पर्यंत चालवलं. सत्तावन्न वर्षं! पुण्यातून नाही, मुंबईतून नाही, एका खेड्यातून, जिथं तेव्हा वाचता येणारी माणसं हाताच्या बोटावर मोजावी लागत. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा की हे वाचत कोण असेल. उत्तर आजोबांनी दिलं, ते म्हणायचे वाचणारा एकच लागतो रे, ऐकणारे पारावर मिळतात. सावकार व्याज कसं लावतो, पोरांना शाळेत का घालायचं, लग्नाला भटजी नसला तर काय अडतं, हे पारावर वाचलं जायचं आणि वाचून झालं की लोक त्यावर भांडायचे. छापलेला अंक कमी आणि भांडण जास्त, असं ते माध्यम होतं.

मुकुंदरावांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर, त्यांनी १८७७ साली दीनबंधु काढलं, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचं पत्र. ते पुढं नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवलं, गिरणी कामगारांत. लोखंड्यांनी १८८४ ला कामगारांची सभा बांधली, आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आता ती सुट्टी पत्रानं मिळवली की सभेनं, असं विचारशील तर मी म्हणेन दोन्ही एकच माणसं चालवत होती म्हणून मिळाली. नुसतं पत्र असतं तर तक्रारींचं बाड झालं असतं, आणि नुसती सभा असती तर दुसऱ्या गिरणीतल्याला कळलं नसतं की आपल्यासारखेच तिकडं पण आहेत.

आणि ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याची जाहिरात, पैसे देऊन, केसरीनं छापली नाही, हे तू ऐकलं असशील. मूकनायकावर तुकोबांची ओळ असायची, "काय करूं आतां धरूनियां भीड, निःशंक हें तोंड वाजविलें". मला त्या नावातच सगळं दिसतं. जे बोलत नाहीत ते मुके नसतात, त्यांचं बोलणं छापायला कुणी तयार नसतं. बाबासाहेब नंतर बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत अशी एकामागून एक पत्रं काढत राहिले, पैशाअभावी बंद पडली तरी. इतका मोठा माणूस, दुसरी शंभर कामं समोर, तरी छापखान्याचा नाद सोडला नाही. का? कारण दुसऱ्याच्या पत्रात आपली बातमी येते तेव्हा ती दुसऱ्याच्या नजरेनं येते.

तू समाधान करून घेतेयस का, असं विचारलंस. नाही पोरी. तुझ्या फळ्याला दीडशे वर्षांचं गणगोत आहे.


भाकरी_ठेचा

मास्तर, डोळ्यात पाणी आणलंत. आमच्या आईच्या बचत गटात अजून असंच चालतं, एकीच्या मोबाईलवर काही आलं की ती मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या भाकरी करता करता ऐकतात. एकटीनं वाचलेलं विसरायला होतं, मिळून ऐकलेलं राहतं.


तेलंगणातून

मी मूळची नांदेडची, लग्नानंतर हैदराबादला. इथून तासा-दोन तासांवर, संगारेड्डी जिल्ह्यात, तेव्हाच्या मेदकमध्ये, माचनूर नावाचं गाव आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघममधल्या, म्हणजे गावोगावच्या बायांच्या गटांतल्या, दलित बायांनी तिथं १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ सुरू केला. शेतमजुरी करणाऱ्या बाया, बऱ्याच जणींना अक्षरओळख नाही, त्या माईक चालवतात, एडिट करतात, आणि त्याच्या आधीपासून व्हिडिओ कॅमेरा पण. बी कसं जपायचं, ज्वारी बाजरी का सोडायची नाही, हे विषय. वरंगळच्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांकडं त्या पुन्हा पुन्हा गेल्या, पेरणीपासून वेचणीपर्यंत, आणि नुकसान त्यांच्याच तोंडून कॅमेऱ्यात घेतलं.

पण मला सांगायचंय ते कॅमेऱ्याच्या भाषेबद्दल. त्या बायांनी शॉटची नावं स्वतःची ठेवली. कॅमेरा वर धरून खाली माणसाकडं बघितलं तर तो "पटेल शॉट", कारण तिथला जमीनदार असाच बघतो. खालून वर बघितलं तर "गुलामाचा शॉट". आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा, तो "संघम शॉट", कारण संघमच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर गोल करून बसतात, कुणी वर नाही कुणी खाली नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन सगळे फोटो काढून बघितले, माझ्या स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे दोन फोटो होते, दोन्ही मी उभी आणि त्या खाली बसलेल्या. पटेल शॉट. तेव्हापासून खाली बसून फोटो काढते.

शेवंती, तुमच्या चुलतीचं वाचून हेच आठवलं. तिच्यासमोर कॅमेरा आला तो कुठल्या उंचीवर होता कोण जाणे, पण परत आला नाही हे नक्की. तुम्ही व्हिडिओ करायचाच ठरवला तर एक नियम घाला, ज्याचा केला त्याला आधी दाखवायचा, मग गावाला, मग बाहेर. आणि ती नको म्हणाली तर पुसायचा, कितीही चांगला आला असला तरी.

मोबाईलला पण मी नाही म्हणत नाही हां. खबर लहरिया बघा, उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये सुरू झालेलं गावातल्या बायांचं बुंदेली पेपर, दलित, मुस्लिम, आदिवासी बाया बातम्या आणायच्या आणि स्वतःच वाटायच्या. नंतर त्या मोबाईलवर गेल्या, व्हिडिओ करायला लागल्या, पण माणसं तीच, बोली तीच, फिरणं तेच. आणि छत्तीसगडचं सीजीनेट स्वरा, २०१० पासून, त्याला तर साधा फोन पुरतो, मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, आपलं म्हणणं गोंडीत नाहीतर हिंदीत बोलून ठेवायचं, पडताळून झालं की ते बाकीच्यांना ऐकता येतं, आणि सोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबर सांगितलेला असतो, ऐकणारे त्याला फोन करून विचारतात. हातपंप दुरुस्त झाले, अडकलेली मजुरी मिळाली. लिहिता वाचता न येणाऱ्यासाठी आवाज हेच माध्यम आहे. तुमच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बाहेर असतात म्हणालात ना, तेव्हा फळा त्यांच्यापर्यंत कसा जातो?


शेवंती२४

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं आमच्या पोरापोरींना मोठ्यानं वाचून दाखवलं, मास्तरांचं दोनदा.

तेलंगणातून ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आम्ही गप्पच झालो. जात नाही. दसऱ्यानंतर फळा म्हणजे म्हाताऱ्यांसाठी आणि लेकरांसाठी, ज्यांच्यासाठी खरं लिहायचं ती माणसं कोल्हापूर सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. तिकडं किती टन तोडलं, आधी घेतलेल्या उचलीतनं किती फिटलं, खाड्याचे, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसांचे, किती कापले, हे सगळं टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत, आपल्याकडं कायच नाही. आणि आजारी पडली तरी बाई खाडा करत नाही, त्या पिशवीच्या प्रकरणाच्या मुळाशी पण हेच होतं असं चुलती म्हणते.

तर असं ठरवलंय. भिंत बदलायची, माझ्या मामांच्या किराणा दुकानाची बाजू मिळाली, लिहून घेतलंय. चॅनल आत्ता नाही, ज्या दोघांना ते हवं होतं त्यांनीच सुचवलंय की त्याऐवजी रोजचा फळा वाचून दीडदोन मिनिटांचा ऑडिओ करायचा आणि प्रत्येक टोळीतल्या एकदोन जणांना पाठवायचा. आणि दर कोयत्याला निघताना एक वही द्यायची, रोजचं टन आणि खाडा स्वतः लिहायला, लिहिता येत नसेल तर रेघा मारायच्या. वह्यांचे पैसे आम्हीच वर्गणी काढून.


जुना_वार्ताहर

वही लाख मोलाची आहे. फक्त ती मुकादमाच्या विरोधातली वही म्हणून देऊ नका, घरच्या हिशेबाची वही म्हणून द्या. बाईकडं ठेवायची, पुरुषाकडं नको, माझा अनुभव आहे. आणि ऑडिओत कुणाचं नाव घेऊन आरोप करायचा नाही, एकदा पाठवला की तो कुठं जाईल यावर आपला हात राहत नाही.


कुसळ_माणदेश

आणि ऑडिओची सुरुवात आजीच्या आवाजात करा. ऐका माझं.


शेवंती२४
(नोव्हेंबर)

बरेच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. सात टोळ्यांना ऑडिओ जातो, कधी कधी नेट नसतं मग दोनतीन दिवसांचे एकदम ऐकतात, रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आल्यावर, एकाच मोबाईलवर सगळे मिळून. सुरुवात आजीच करते, "ऐका रं, गावचं सांगतो." पहिल्यांदा तिनं सात वेळा रेकॉर्ड केलं, पसंतच पडेना तिला.

आम्हाला वाटलं होतं की तिकडनं टनाचे आणि उचलीचे प्रश्न येतील. आले पण, थोडे. सगळ्यात पहिला जो आवाज आला तो सांगलीकडच्या फडातनं, एका बाईचा, मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या. म्हणली, "ते टँकरचं राहू द्या आता, थंडी पडलीय, पानी हाय. शाळंत खिचडी रोज मिळती का तेवडं लिवत जा. माझी दोन हायत तिथं, फोनवर खरं सांगत न्हाईत." दुसऱ्या दिवशी आणखी चार जणींचं तेच.

तर आता फळ्यावर सगळ्यात वर, रोज, आज शाळेत काय शिजलं आणि किती पोरं जेवली. शाळेतल्या बाई आधी जरा बिचकल्या, मग म्हणल्या मीच सांगत जाईन. दोन दिवस खिचडी नव्हती, तांदूळ संपला होता, ते पण लिहिलं, ऑडिओत गेलं, आणि फडातनं सहा बायांनी पंचायतीत फोन लावले. तिसऱ्या दिवशी तांदूळ आला. जी बाई गावात असताना ग्रामसभेला कधी फिरकली नव्हती तिनं दोनशे किलोमीटरवरनं विचारलं.

चुलतीनं परवा स्वतःहून सांगितलं, माझं पण रेकॉर्ड करा, पण आधी मला ऐकवा. ऐकवलं. एक वाक्य काढायला लावलं, काढलं.

आणि आजी रोज संध्याकाळी दुकानापुढं येऊन बसते. काल विचारत होती माझा आवाज कारखान्यापतोर पोचतो का. पोचतो म्हणून सांगितलं. मग म्हणली, "त्यांचं काय आलंय आज? ते वाच आदी."